बाकावरची माणसं

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मैदान येतं. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या कॉलेजांत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची. पायांत पात्यांचे बूट, एका बाजूला सहा खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. खेळाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते बाकांवर बसणाऱ्यांबद्दल. दोन दिवसांची स्पर्धा बघायला माणसं चार-पाच तास गाडी हाकत जातात, त्यांच्या पदरात नेमकं काय पडतं?

माझी भाची तिकडं शिकते, म्हणून मला हे जवळून बघायला मिळालं. आम्ही गेलो ते ‘ईसीएसी’ लीगच्या स्पर्धेला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल, क्लार्कसन, सेंट लॉरेन्स धरून ह्या लीगमध्ये 12 कॉलेजं आहेत. पुरुष संघांचे उपांत्य सामने आणि अंतिम सामना मार्चमधल्या एका शुक्रवारी-शनिवारी लेक प्लॅसिडला होतात. डोंगरातलं गाव, वस्ती दोन हजारांच्या आसपास. पण 1932 आणि 1980 अशी दोन हिवाळी ऑलिंपिकं ह्या एवढ्याशा गावानं निभावली. 22 फेब्रुवारी 1980 ला अमेरिकेच्या कॉलेजकुमारांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला 4-3 असं हरवलं ते इथंच. त्या संघाचे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स. आज त्या रिंगणाला त्यांचंच नाव आहे.

आता गंमत बघा. ही स्पर्धा 1993 पासून 2002 पर्यंत इथंच भरायची. मग ती ऑल्बनी शहरात गेली, आणि 2011 पासून तीन वर्षं समुद्राकाठच्या अटलांटिक सिटीत. ते जुगारघरांचं शहर. सभागृह भव्य, पण बहुतेक कॉलेजांपासून लांब. एवढ्या मोठ्या सभागृहात तुरळक माणसं म्हणजे लग्नाच्या मांडवात पाहुणेच नाहीत अशी गत. 2014 ला स्पर्धा पुन्हा लेक प्लॅसिडला आली. ह्यातून मी एवढंच घेतलं, की प्रेक्षक खुर्चीसाठी येत नाही, एकमेकांसाठी येतो. लेक प्लॅसिडला मुख्य रस्ता एकच. सकाळी चहा घ्यायला गेलं तर शेजारच्या टेबलावर विरुद्ध संघाचे मफलर गुंडाळलेले आजी-आजोबा, आणि पलीकडं पितळी वाद्यं मांडीवर घेऊन बसलेली बँडची मुलं. रात्री एकमेकांच्या नावानं ओरडायचं आणि सकाळी एकमेकांना साखर द्यायची. ही जत्राच की! मोठ्या शहरात ती विरघळून जाते.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर आपल्यासारख्यांचे हालच. रिंगणात मिळेल ते बहुतेक आपलं नव्हेच. दशम्या, भडंग, शेंगदाण्याची चटणी बरोबर नेली होती. शुक्रवारी दोन उपांत्य सामने, मधल्या वेळात डबा उघडला. सूर्यास्ताआधी जेवण उरकलं. शेजारच्या बाईंनी ‘हे काय?’ विचारलं, भडंग चाखला आणि दुसऱ्या सामन्यात त्या आमच्या बाजूनं ओरडल्या.

ओरडण्याबद्दल मात्र जरा परखड लिहायला हवं, कारण ह्या स्पर्धेची खरी कला तीच. कॉर्नेलच्या चाहत्यांचं नाव त्यात सगळ्यांत वर. पाहुण्या संघाची ओळख सुरू झाली की ही मंडळी वर्तमानपत्रं उघडून वाचत बसतात, जणू समोर कुणी नाहीच. गोल झाला की विरुद्ध गोलरक्षकाच्या नावानं ‘चाळणी, चाळणी’ असा घोष. सामना खिशात आला की किल्ल्या खुळखुळवायच्या, म्हणजे ‘गाड्या काढा, निघा आता’. हे टोमणे मला आवडले. आपल्याकडच्या विहिणींनी ऐकले तर त्यांनाही दाद द्यावीशी वाटेल.

पण त्याच कॉर्नेलच्या घरच्या रिंगणात हार्वर्डचा संघ आला की प्रेक्षकांतून बर्फावर मेलेले मासे येऊन पडतात. 1970 च्या दशकापासूनची ही प्रथा. कॉर्नेलला शेतकी कॉलेज आहे, म्हणून हिणवायला हार्वर्डच्या कुणीतरी त्यांच्या गोलरक्षकावर कोंबडी फेकली होती, त्याची ही परतफेड, असं सांगतात. भाची म्हणाली, “मावशी, तू जैन आहेस म्हणून तुला खटकतं.” खटकतंच. एका जिवाचं कलेवर थट्टेसाठी फेकायचं, ह्यात मला हसू सापडत नाही. पण थट्टा म्हणून तोललं तरी ती हलकीच भरते. वर्तमानपत्र उघडायला डोकं लागतं. मासा फेकायला नुसता हात पुरतो.

दुसरी खोट शनिवारची. शुक्रवारी चारांतले दोन संघ हरतात. त्यांची माणसं तिकिटं, खोल्या सगळ्याचे पैसे भरून बसलेली. काही गाशा गुंडाळतात, काही परक्या सामन्याला उदास चेहऱ्यानं बसतात. त्या हरलेल्यांसाठी आयोजकांनी काय ठेवलंय? जुन्या खेळाडूंशी गप्पा असोत, लहान मुलांना बर्फावर उतरू देणं असो, काहीतरी हवं. जत्रेला आलेल्या माणसाला देव पावला नाही तरी प्रसाद मिळतो.

आणि सगळ्यांत मोठा प्रश्न मुलींचा. ह्याच 12 कॉलेजांत मुलींचेही संघ आहेत, त्याच लीगमध्ये खेळतात. पण त्यांची अंतिम फेरी वर्षानुवर्षं अव्वल मानांकन मिळालेल्या संघाच्या कॉलेजातच होत आली. ह्यामागं कारण नाही असं नाही. घरच्या रिंगणात विद्यार्थी चालत येतात, खर्च कमी, बाक भरलेले दिसतात. अटलांटिक सिटीचं उदाहरण मीच वर दिलं, तेव्हा रिकाम्या सभागृहाची भीती मला समजते.

तरीही बॉस्टनकडं बघा. तिथल्या चार कॉलेजांची ‘बीनपॉट’ नावाची स्पर्धा आहे. मुलींची बीनपॉट 1979 ला सुरू झाली, पण तिचा अंतिम सामना शहराच्या मोठ्या ‘टीडी गार्डन’ रिंगणात पहिल्यांदा झाला तो 2024 च्या जानेवारीत. 45 वर्षांनी! त्या रात्री नॉर्थईस्टर्ननं बॉस्टन युनिव्हर्सिटीला जादा वेळेत 2-1 असं हरवलं, आणि बघायला 10,633 माणसं होती. मुलींचा खेळ बघायला कोण येणार, असं जे म्हणत होते त्यांना ह्याहून वेगळं उत्तर कशाला?

म्हणून मला वाटतं, लेक प्लॅसिडच्या त्या मुख्य रस्त्यावर एखादा शुक्रवार-शनिवार मुलींच्या नावानं लिहिला जावा. घरच्या रिंगणात सामना मिळतो, जत्रा मिळत नाही. चारी संघांचे आईबाप, मैत्रिणी, बँड एका गावात उतरतात, तेव्हाच खेळणाऱ्या मुलीला कळतं की आपल्यासाठी माणसं घर सोडून आली आहेत.

तोवर आपल्या हातातलं करू या. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या मुली, सुना, भाच्या तिकडं आहेत. गेलात की मॉल आणि धबधबे बघालच. एक संध्याकाळ मुलींच्या सामन्याला द्या. तिकीट काढा, डबा न्या, घोंगडीसारखी जाड शाल विसरू नका. आणि घसा मोकळा करून ओरडा. मराठीत ओरडलात तरी चालतं, आम्ही ओरडलोय.