धूसरता कोणाच्या गतीची? : सायकल शर्यतीच्या छायाचित्रणातील फ्लॅशचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

स्थिर चित्रातून गती कशी दाखवावी, हा छायाचित्रकलेपुढील जुना प्रश्न आहे. सायकल शर्यतीत तो अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण येथे वेगाचा उगम यंत्रात नसून माणसाच्या देहात असतो. मोटारींच्या शर्यतीत केवळ वेग दाखविला तरी आशय बऱ्याच अंशी पूर्ण होतो. सायकल शर्यतीत मात्र वेगासोबत श्रमही दिसावे लागतात. मंद शटर आणि फ्लॅश यांचा एकत्रित वापर ही या प्रश्नाला छायाचित्रकारांनी दिलेली एक लोकप्रिय सोडवणूक होय. ही रीत केवळ नेत्रदीपक परिणामासाठी वापरली जाते, की तिच्यातून शर्यतीविषयी काही सत्य प्रकट होते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीतील भविष्यवादी कलावंतांना गतीचे विलक्षण आकर्षण होते. उम्बेर्तो बोच्चोनी याने १९१३ साली सायकलस्वाराच्या गतिमानतेवर चित्र रंगविले. त्याच सुमारास आन्तोन जुलिओ ब्रागाल्या हा छायाचित्रात हालचालींचे धूसर माग उमटवून गती पकडण्याचा प्रयत्न करीत होता. आज हे दोन्ही प्रयत्न एकाच कुळातील वाटतात. तथापि १९१३ मध्येच बोच्चोनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रागाल्याच्या प्रयोगांशी आपला संबंध नाही असे जाहीर केले. धूसरता म्हणजे गतीचा अनुभव, की केवळ तिचा यांत्रिक अवशेष, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

याच्या नेमके विरुद्ध टोक म्हणजे अमेरिकेतील हॅरॉल्ड एजर्टन यांचे कार्य. १९३० च्या दशकात त्यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा विकास करून डोळ्यांना कधीच न दिसणारा क्षण गोठवून दाखविला. फ्लॅश आणि मंद शटर एकत्र वापरणारा आजचा छायाचित्रकार या दोन्ही परंपरांचा वारसदार ठरतो.

तंत्र आणि त्याचा अर्थ

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापतो. शटरचा वेग १/२००० सेकंद ठेवल्यास तेवढ्या अवधीत तो जेमतेम साडेपाच मिलिमीटर सरकतो. चाकाच्या आऱ्या मोजता येतील इतके चित्र स्पष्ट येते. परंतु सायकल उभी असल्याचा भास होतो. शटर १/३० सेकंद उघडे ठेवल्यास स्वार सुमारे ३७ सेंटिमीटर पुढे जातो आणि स्थिर कॅमेऱ्यात त्याचा चेहरा हरवतो. पहिल्या चित्रात माणूस उरतो पण वेग जातो, तर दुसऱ्यात वेग उरतो पण माणूस जातो.

फ्लॅशची चमक याहून कितीतरी अल्पकालीन असते. ती १/५००० सेकंदाची असल्यास स्वार तेवढ्यात दोन मिलिमीटरच्या आसपासच सरकतो. म्हणजे एकाच चौकटीत दोन काळ नोंदविले जातात : नैसर्गिक प्रकाशाचा दीर्घ काळ आणि फ्लॅशचा क्षणिक काळ. यातही चमक केव्हा पडते याला महत्त्व आहे. शटर उघडताच ती पडली तर धूसर माग स्वाराच्या पुढे उमटतो आणि तो मागे ओढला जात असल्यासारखा दिसतो. शटर मिटण्याच्या बेतात पडली तर माग त्याच्या पाठीशी राहतो. भौतिकदृष्ट्या दोन्ही नोंदी सारख्याच खऱ्या आहेत. परंतु दुसरीच ‘स्वाभाविक’ वाटते. चित्रवाचनाचे संकेत किती खोल रुजलेले असतात, हे यावरून दिसते.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत प्रत्यक्ष प्रकाशाचा आदर म्हणून फ्लॅश नाकारला होता. १९३२ मध्ये त्यांनी इएर येथे टिपलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात जिन्याच्या पायऱ्या रेखीव आहेत आणि खालून जाणारा सायकलस्वार धूसर आहे. तेथे कृत्रिम प्रकाशाची गरजच पडली नाही. त्यांचा आक्षेप वजनदार आहे. परंतु फ्लॅश जेथे एकमेव प्रकाश होऊन बसतो, तेथेच तो पूर्णतः लागू पडतो. मंद शटरसोबत वापरलेला फ्लॅश आसमंतातील प्रकाश पुसून टाकीत नाही, त्यात आणखी एका क्षणाची भर घालतो.

धूसरतेची मालकी

स्वाराच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवीत नेण्याच्या पद्धतीत, म्हणजे पॅनिंगमध्ये, पार्श्वभूमीच्या रेषा होतात आणि स्वाराचा चेहरा बऱ्यापैकी स्थिर राहतो. पाय मात्र स्थिर राहत नाहीत. मिनिटाला ९० फेरे मारणारे पाऊल १/३० सेकंदात पाच सेंटिमीटरच्या आसपास अंतर फिरते. अशा चित्रात पार्श्वभूमीची धूसरता वेग सांगते आणि पायांची धूसरता श्रम सांगते. त्यावर फ्लॅशची चमक पडली की फिरत्या पायांच्या धूसर वलयात स्नायूंची एक रेखीव आकृती उमटते. चिखल-पावसातील सायक्लोक्रॉस शर्यतीत उडणारे थेंबही त्या चमकेत हवेत थांबतात. हिवाळ्यातील मंद प्रकाश या रीतीला अनुकूलच असतो. भर उन्हात १/३० सेकंदासाठी भिंग इतके बंद करावे लागते की फ्लॅशचे बळ अपुरे पडू लागते.

प्रश्न उद्भवतो तो चढावर. बेल्जियममधील कोपेनबर्ग हा दगडी फरसबंदीचा चढ काही ठिकाणी २२ टक्क्यांपर्यंत तीव्र आहे. तेथे स्वाराचा वेग अत्यंत कमी होतो. श्रम मात्र पराकोटीला पोहोचतात. मंदगती स्वाराच्या चित्रात वेगाच्या रेषा आपोआप येत नाहीत. अशा वेळी कॅमेरा हेतुपुरस्सर हलवून किंवा गोल फिरवून धूसरता निर्माण केली जाते आणि फ्लॅशमुळे मध्यभागी चेहरा तेवढा शाबूत राहतो. चित्र आकर्षक होते. परंतु त्यातील गती स्वाराची नसून छायाचित्रकाराच्या मनगटाची असते. जेथे मंदपणा हेच शर्यतीचे सत्य आहे, तेथे हे चित्र वेगाचा खोटा दाखला देते. म्हणूनच ‘धूसरता कोणाच्या गतीची?’ हा या रीतीच्या समीक्षेतील पहिला प्रश्न असावयास हवा.

प्रकाशाचा पक्षपात

दुसरा प्रश्न फ्लॅश कोणाला उजळतो हा आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दोन मीटरवरील स्वाराच्या तुलनेत आठ मीटरवरील स्वाराला सोळावा हिस्साच प्रकाश मिळतो. परिणामी जवळचा एकच स्वार झळाळतो आणि उरलेला जथा अंधारात विरतो. प्रत्यक्षात सायकल शर्यत हा बव्हंशी सामूहिक उद्योग आहे. पुढचा स्वार वारा झेलतो, त्याच्या आडोशाने मागच्याची शक्ती वाचते; संघनायकासाठी सहकारी दिवसभर राबतात. फ्लॅश हे नाते सहज कापून टाकतो आणि एकाकी वीराची प्रतिमा घडवितो. शिवाय अगदी समोरून व जवळून टाकलेली चमक स्वाराचे डोळे क्षणभर दिपवू शकते. ओल्या उतारावर हा सौंदर्याचा नव्हे, तर सुरक्षिततेचा आणि नीतीचा प्रश्न होतो.

या मर्यादा तंत्रात अटळपणे अंतर्भूत आहेत असे मात्र नाही. बेल्जियममधील गेंट शहरात कायपके या बंदिस्त धावपट्टीवर होणाऱ्या सहा दिवसांच्या शर्यतीत मॅडिसन हा प्रकार असतो. त्यात दोघांच्या जोडीतील एक स्वार शर्यतीत असतो, तर दुसरा धावपट्टीच्या वरच्या बाजूने सावकाश फिरत असतो. पाळी बदलताना पहिला दुसऱ्याचा हात धरून त्याला पुढे झोकून देतो आणि आपली गती त्याच्या स्वाधीन करतो. हा क्षण बाजूने टाकलेल्या फ्लॅशने आणि मंद शटरने टिपला, तर दोन देहांच्या दोन वेगळ्या गती कमी-अधिक धूसरतेतून दिसतात आणि एकमेकांत गुंतलेले हात तेवढे रेखीव उमटतात. धूसरता येथे स्वारांचीच असते आणि चमक व्यक्तीवर नव्हे, तर दोघांमधील संबंधावर पडते.

निष्कर्ष

फ्लॅश आणि गतिजन्य धूसरता यांचा संयोग हा स्वतःहून सत्यही नाही आणि असत्यही नाही. वेग व श्रम एकाच चौकटीत आणण्याची क्षमता त्यात निश्चितच आहे. परंतु धूसरता स्वाराच्या हालचालीतून आलेली नसेल तर ती केवळ अलंकरण ठरते, आणि चमक विचारपूर्वक टाकलेली नसेल तर ती समूहाचे श्रम एकाच्या नावे मांडते. हे दोन निकष लावल्यास, प्रथमदर्शनी सारख्याच आकर्षक भासणाऱ्या छायाचित्रांतील गुणात्मक भेद स्पष्ट होतो आणि त्यांच्या मूल्यमापनास तांत्रिक कौशल्यापलीकडचा आधार लाभतो.