हिरोच्या आडोशाला

ऑगस्ट २००९. लान्स आर्मस्ट्राँग स्कॉटलंडला निघाला होता. आदल्या दिवशी त्याने ट्विटरवर एक-दोन ओळी टाकल्या: ग्लासगोकडे येतोय, सायकल चालवायला कोण येणार? ग्लासगोजवळच्या पेझ्लीत भेटायचं ठरलं. दहा-बारा जण येतील असा त्याचा अंदाज होता, आले शेकडो. आठवड्याभराने डब्लिनच्या फिनिक्स पार्कात पुन्हा तेच झालं. तिथे हजाराच्या वर सायकलवाले जमले. तिकीट नाही, नोंदणी नाही. सायकल घ्या आणि या.

आर्मस्ट्राँगवरचे दोन सिनेमे मी पाठोपाठ पाहिले: अ‍ॅलेक्स गिब्नीचा माहितीपट ‘द आर्मस्ट्राँग लाय’ (२०१३) आणि स्टीफन फ्रीअर्सचा ‘द प्रोग्रॅम’ (२०१५). दोन्ही पाहून झाल्यावर मला ही पार्कातली माणसं आठवत राहिली. खोटं बोलणारा कसा घडला, हे दोन्ही सिनेमे नीट सांगतात. त्याच्या मागे सायकल घेऊन धावलेल्यांचं काय, हा प्रश्न मात्र अर्धाच राहतो.

पुढची गोष्ट माहीत असेलच, तरी थोडक्यात सांगतो. कॅन्सरमधून उठलेला हा माणूस १९९९ ते २००५ सलग सात वेळा ‘टूर द फ्रान्स’ जिंकला, निवृत्त झाला आणि २००९मध्ये परत येऊन तिसरा आला. २०१२मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे युसाडाने, त्याची सगळी फाइलच उघडली आणि सातही विजेतेपदं गेली. जानेवारी २०१३मध्ये ओप्रा विन्फ्रीसमोर त्याने कबुली दिली. २००९च्या पुनरागमनात मात्र आपण स्वच्छ होतो, असं तो सांगत राहिला. त्या वर्षीच्या त्याच्या रक्तनमुन्यांवरून युसाडाचं मत वेगळं होतं.

आता त्या पार्काकडे पुन्हा पाहू. ‘भाबडे लोक, फसले’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. क्रिकेटवेड्या माणसाला सचिनसोबत वानखेडेवर डाव खेळता येत नाही. सायकलिंगचं तसं नाही. स्पर्धा होते ती सार्वजनिक रस्त्यावर, बघायला पैसे पडत नाहीत, आणि चॅम्पियनने वेग कमी केला की कुणीही त्याच्या बाजूने जाऊ शकतं. शिवाय पुढचा हवा कापतो, म्हणून मागच्याला कमी दमावं लागतं. आपला हिरो शब्दशः आपला वारा अडवतोय, हे सुख दुसऱ्या कुठल्या खेळात मिळणार? त्या दिवशीचे पाय खरे होते, घाम खरा होता. त्यातले कित्येक जण कॅन्सरमुळे घरातलं कुणीतरी गमावून आले असतील, तर कुणी स्वतः त्यातून उठून. त्यांचा आनंद मागाहून खोटा ठरवायचा हक्क आपल्याला नाही.

पण हा आनंद कुणाच्या कामी आला, हे विचारायचा हक्क आहे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत, कॅलिफोर्नियातल्या एका पत्रकार परिषदेत पॉल किमेज या आयरिश पत्रकाराने त्याला उत्तेजकांबद्दल विचारलं. किमेज स्वतः माजी व्यावसायिक सायकलपटू. आदल्या वर्षी त्याने आर्मस्ट्राँगला या खेळाचा कॅन्सर म्हटलं होतं. आर्मस्ट्राँगने ते भर सभेत उकरून काढलं आणि बसलायस त्या खुर्चीचीही तुझी लायकी नाही, असं सुनावलं. वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागलेला डेव्हिड वॉल्श आयरिशच. त्याच्या वर्तमानपत्राला आर्मस्ट्राँगने कोर्टात खेचलं आणि तडजोडीचे पैसे भरायला लावले. आणि त्याच्या टीमची मसाज करणारी एमा ओ’रायली, जिने जे पाहिलं ते वॉल्शला सांगितलं आणि त्यापायी बदनामी सोसली, ती तर डब्लिनचीच.

म्हणजे ज्या शहरात हजार लोक त्याच्या मागे निघाले, त्याच शहराच्या एका मुलीने खरं काय ते पाच वर्षं आधीच सांगितलं होतं. छापूनही आलं होतं.

मला इथे ट्विटर महत्त्वाचं वाटतं. पत्रकार परिषदेत प्रश्न येतात, राइडमध्ये फक्त सोबत येते. लाखो लोकांच्या फोनवर थेट पोचणाऱ्या माणसाला किमेजच्या खुर्चीसमोर बसायची गरजच उरत नाही. आज प्रत्येक स्टार लाइव्ह येतो, आपण हार्ट टाकतो, आपली कमेंट वाचली गेली की दिवस सार्थकी लागतो. त्यात गैर काही नाही. पण तो हजारांचा जमाव बाहेरून पाहणाऱ्याला साक्षीदारासारखा दिसतो: एवढी माणसं येतात, म्हणजे माणूस खराच असणार. कुणी सही मागितली नव्हती, तरी सगळ्यांच्या सह्या झाल्या.

‘द प्रोग्रॅम’ इथेच कमी पडतो. वॉल्शच्या पुस्तकावर आधारलेल्या या सिनेमात खोटारडा आणि त्याला पकडणारा असे दोनच खरे माणूस आहेत. गर्दी हा नुसता आवाज. बेन फॉस्टर आर्मस्ट्राँगची थंड नजर कमालीची उभी करतो, पण या नजरेवर लोक भाळले कसे, ते कळत नाही. गिब्नीचा माहितीपट तिथवर पोचतो, कारण तो स्वतःच भाळलेला होता. २००९मध्ये तो पुनरागमनाचाच सिनेमा करत होता. प्रकरण फुटलं, सिनेमा बाजूला पडला, मग त्याच चित्रीकरणातून त्याला दुसराच सिनेमा उभारावा लागला. शूटिंग करताना आपण त्याच्या बाजूने ओरडत होतो, हे तो लपवत नाही. माझ्या मते तीच त्या सिनेमाची सगळ्यात मौल्यवान जागा. मात्र तोही तिथे फार थांबत नाही, पुन्हा आर्मस्ट्राँगच्या चेहऱ्यात उत्तर शोधायला जातो.

उत्तर त्या चेहऱ्यात नाही. फॅन असणं म्हणजे आडोशाला असणं. आडोशात वारा लागत नाही, दम लागत नाही, आणि पुढचा रस्ताही धड दिसत नाही. दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. सायकलवाल्याला हे माहीत असतं, म्हणून तो मधूनमधून बाजूला सरकून पुढे बघून घेतो.

एमा ओ’रायलीने नंतर त्याला माफ केलं. तिच्या २०१४च्या पुस्तकाची प्रस्तावना चक्क त्याने लिहिली. सगळं ठाऊक असताना तिने त्याच्याशी बोलायचं ठरवलं. पार्कातल्या हजारांपेक्षा मला ही एकटी बाई त्याच्या जास्त जवळ गेलेली वाटते. तिने आडोसा कधीच घेतला नव्हता.