ब्राइट यांचा ग्रंथ आणि त्यांची शंका

मूत्रपिंडदाहाचा इतिहास सांगताना रिचर्ड ब्राइट यांच्या 'रिपोर्ट्स ऑफ मेडिकल केसेस' या ग्रंथाचे नाव येतेच. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला हा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. त्याची थोरवी मात्र बहुधा भलत्याच ठिकाणी शोधली जाते. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायची आणि ती अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी साकळते का ते पाहायचे, ही परीक्षा ब्राइट यांच्या नावावर खपते. पण सूज आलेल्या रुग्णाची लघवी अशी साकळते, हे इटलीच्या कोतुन्यो यांनी १७६४ मध्येच पाहिले होते. अंगावरची सूज, लघवीतले प्रथिन आणि शवविच्छेदनात दिसणारे बिघडलेले मूत्रपिंड या तिन्हींची सांगड ब्राइट यांनी रुग्णामागून रुग्ण घेऊन घातली. खरे काम ते.

शीर्षकात उपचाराचेही आश्वासन आहे. ते पुरे होत नाही. रक्त काढणे, जुलाब देणे, याहून फारसे काही त्या काळी हाती नव्हतेच.

मला ग्रंथात सर्वांत मोलाची वाटते ती लेखकाची शंका. बिघडलेल्या मूत्रपिंडांचे तीन प्रकार ब्राइट वर्णन करतात आणि लगेच म्हणतात, हे वेगळे रोग की एकाच रोगाच्या पायऱ्या, याची खात्री नाही. पुढच्या पिढ्यांनी शंका सोडून दिली आणि सगळ्याला 'ब्राइटचा रोग' हे एकच नाव चिकटवले. मृत्यूनंतरच मूत्रपिंड पाहायला मिळे, तोवर ते खपूनही गेले. १९५१ साली डेन्मार्कच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी जिवंत रुग्णाच्या मूत्रपिंडाचा तुकडा सुईने काढून तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा त्या नावाखालचे निरनिराळे रोग वेगळे दिसू लागले.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. घसा दुखून गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजतो, लघवी तांबूस होते. हा दाह बहुतेक मुलांत आपोआप निवळतो. ल्यूपसमधला दाह तीव्र असेल, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वेळेवर न दिल्यास मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते. लघवीत प्रथिन दोन्हींकडे सापडते!

वर्गात अंड्याचा पांढरा भाग पाण्यात कालवून परीक्षानळीत तापवून दाखवावा. खऱ्या लघवीत फॉस्फेटमुळेही गढूळपणा येतो. व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर तो विरघळतो, प्रथिनाचा राहतो.