एस. के. म्हंजे कोण?

चवदार तळ्यावरच्या कवितांचा गठ्ठा संपादकांनी माझ्याकडं धाडला. म्हणाले, यावर लिही. मी सूतगिरणीत रिंग खात्यात उभा राहणारा माणूस, समीक्षा कुठं शिकलो नाही. दोन रात्रपाळ्यांच्या मधे बसून वाचल्या. बहुतेकांत पाणी पेटलंय, ओंजळ आहे, सूर्य तर आहेच. माणसं नाहीत. एकटे बाबासाहेब आणि पाणी.

त्याच आठवड्यात दादरला गेलो होतो. पोर्तुगीज चर्चजवळ पाटी दिसली, एस. के. बोले मार्ग. पानवाल्याला विचारलं, हे बोले कोण? म्हणाला, ‘‘सरळ जा, सिद्धिविनायक लागेल.’’

म्हंजे ज्या माणसानं पाणवठे खुले करायला आयुष्य झिजवलं, तो देवळाचा पत्ता झाला. सीताराम केशव बोले. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबईच्या कौन्सिलात त्यांनी ठराव पास करून घेतला : सरकारी पैशातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. गिरणी कामगारांसाठीही राबले. पाटीवर यातलं काय? दोन इंग्रजी अक्षरं.

पाटीला मी नावं ठेवतोय, पण आपल्या कविता काय वेगळं करतात? पाटीनं नाव ठेवून काम खाल्लं. आपण काम ठेवलं, नावं खाल्ली. महाडच्या नगरपालिकेनं 1924 ला तळं खुलं केल्याचा ठराव केला, तेव्हा सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष होते. तळं कागदावर खुलं, काठावर बंद. तो कागद काठापर्यंत न्यायला दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे साथी गावोगाव हिंडले, तेव्हा 1927 च्या मार्चात परिषद भरली. परिषदेला आलेल्या माणसांसाठी पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं. तळं हाकेच्या अंतरावर! एवढ्या ओळी लिहिल्या आपल्या पोरांनी, हे चाळीस रुपये एकाच्याही ओळीत नाहीत. 20 मार्चला बाबासाहेबांनी पाणी घेतलं. मग सनातन्यांनी 108 घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं, आणि नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. तारीख बघा : 4 ऑगस्ट, साल 1927. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी चार वर्षं पुरी झाली. डिसेंबरात परिषदेला कोण जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं दिली. पुढं दावा चालला थेट 17 मार्च 1937 पर्यंत, हायकोर्टात आपल्या बाजूनं निकाल लागेतो. दहा वर्षं तारखा! कोर्टाची पायरी एका कवितेला सुचू नये?

कोणी म्हणेल, बोले भंडारी, टिपणीस कायस्थ, परक्यांची नावं कशाला घोळवता? बरं, मोरे तर आपलेच ना? पण ते पुढं लाल बावट्याखाली गेले, म्हणून आपल्यातले काहीजण त्यांचं नाव दबक्या आवाजात घेतात. माझ्या मते हा भित्रेपणा आहे. कवितेत तो सगळ्यात आधी दिसतो.

गठ्ठ्यात माझीही एक कविता होती. तिच्यातही पाणी पेटलेलंच आहे. संपादक, ती छापू नका, परत धाडा. तिच्यात चाळीस रुपये घालायचे राहिलेत.