‘परवा’चा काळ आणि होपींचा काळ

भाषेवर प्रेम करणाऱ्या हौशी वाचकाला भाषाविज्ञानाकडून नेमके काय हवे असते, हे बेंजामिन ली व्होर्फ यांच्या लेखनाला लाभलेल्या लोकप्रियतेवरून उमगते. व्होर्फ (१८९७-१९४१) शिक्षणाने रसायन अभियंते होते. हार्टफर्ड येथील एका विमा कंपनीत आगप्रतिबंधक निरीक्षकाची नोकरी सांभाळून त्यांनी येल विद्यापीठात एडवर्ड सपीर यांच्याकडे अध्ययन केले. ‘विज्ञान आणि भाषाविज्ञान’ या १९४० च्या लेखात त्यांनी सापेक्षतेचे एक नवे तत्त्व मांडले. त्या नावाला भौतिकशास्त्राची प्रतिष्ठा होती, आशयाला तत्त्वज्ञानाचा विस्तार होता. आधार मात्र एका भाषेच्या व्याकरणाचा होता.

ती भाषा म्हणजे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील होपी. कालाचा थेट निर्देश करणारे शब्द वा रूपे तिच्यात नाहीत, असे प्रतिपादन व्होर्फ यांच्या १९५० मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखात आहे. हे निरीक्षण प्रामुख्याने न्यूयॉर्क परिसरात राहणाऱ्या एका भाषकाच्या माहितीवर उभे होते. एकेहार्ट मालोत्की यांनी १९८३ मध्ये सहाशेहून अधिक पृष्ठांच्या ग्रंथात होपीतील कालवाचक शब्दप्रयोगांचा प्रचंड साठा सादर केला. क्रियापदाला लागणारा भविष्यदर्शक प्रत्ययही त्यात आहे. व्होर्फ यांना हा प्रत्यय दिसला नव्हता असे नाही; त्यांनी त्याला काळ न म्हणता ‘अपेक्षा’दर्शक ठरवले होते. म्हणजे वाद पुराव्याइतकाच नामकरणाचाही होता, आणि भाषाप्रेमींना तो बहुधा ऐकूच आला नाही.

याच धर्तीचा युक्तिवाद भारतीय भाषांबाबतही होत असतो. हिंदीतील ‘कल’ गेलेल्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही दिवसांना लागतो, यावरून भारतीय मनाच्या चक्राकार कालकल्पनेचे निदान केले जाते. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे आहेत. ‘परवा’ मात्र दोन्हीकडे चालतो. मग मराठी माणसाचा काळ एका दिवसापुरता सरळ रेषेत धावतो आणि दुसऱ्या दिवसापासून वर्तुळात फिरू लागतो, असे मानायचे काय? ‘परवा पाऊस आला’ आणि ‘परवा पाऊस येईल’ यांत श्रोत्याचा क्षणभरही गोंधळ होत नाही, कारण निवाडा क्रियापद करते. शब्द सुटा उचलला की तत्त्वज्ञान हाताशी येते. वाक्य तपासले की ते निसटते. व्होर्फ स्वतः सुट्या शब्दांपेक्षा व्याकरणिक कोटींवर भर देत असत, हे त्यांच्या चाहत्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवले.

तरीही व्होर्फ यांची उदाहरणे निर्दोष नाहीत. पेट्रोलची पिंपे ‘रिकामी’ म्हटली गेल्याने कामगार त्यांच्याजवळ बेफिकीर वागतात, हे त्यांचे निरीक्षण सुप्रसिद्ध आहे. पण उरलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही. शब्द कोणताही असता तरी चूक तीच घडली असती. शब्दाचा परिणाम आणि दृष्टीचा परिणाम वेगळा काढण्याची सोय या उदाहरणात नाही, आणि ती केल्याखेरीज त्याला विज्ञान म्हणता येत नाही.

तौलनिक अभ्यासाला उपयोगी पडेल असे सूत्र रोमान याकोबसन यांनी १९५९ मध्ये मांडले: भाषांमधला भेद त्या काय सांगू शकतात यात नसून काय सांगणे त्यांना भाग पडते यात असतो. ‘पोर रडत होतं’ या साध्या मराठी वाक्यात नपुंसकलिंगामुळे मुलगा की मुलगी हे झाकलेले राहते, आणि ‘पोर’ या शब्दाबरोबर थोडी कणवही येते. हिंदी अनुवादकाला ‘रो रहा था’ किंवा ‘रो रही थी’ यांतून एक निवडावेच लागते. बंगालीत क्रियापदाला लिंग नसल्याने त्या अनुवादकाला ही अडचण येत नाही. पण नपुंसकरूपातून मिळणारी सूचनाही त्याला दुसऱ्या कुठल्या मार्गाने, कदाचित शब्दाच्या निवडीतून, आणावी लागते.