पिकोन्यूटनचा कन्व्हर्टर काय सांगतो आणि काय सांगत नाही

एकक बदलायची वेळ आली की आपण बहुतेक जण एकच करतो: ऑनलाइन कन्व्हर्टर उघडायचा, आकडा टाकायचा आणि आलेलं उत्तर वहीत उतरवायचं. आज या कन्व्हर्टरचीच थोडी समीक्षा करू, तीही अगदी लहान बलांच्या बाबतीत.

आधी चांगलं काय ते. गुणाकार चुकत नाही. १ मायक्रोन्यूटन म्हणजे १००० नॅनोन्यूटन आणि १ नॅनोन्यूटन म्हणजे १००० पिकोन्यूटन. जुन्या पुस्तकांतला १ डाईन म्हणजे १० मायक्रोन्यूटन. खरं तर एवढं पाठ असलं की बरंचसं काम तोंडी होतं. पण प्रश्न गुणाकाराचा नाहीच.

पहिला दोष असा की उत्तर शक्य आहे का, हे कन्व्हर्टर सांगत नाही. एक उदाहरण बघा. काइनेसिन हा पेशीत सामान वाहून नेणारा मोटर-प्रथिनाचा रेणू. तो ८ नॅनोमीटरचं पाऊल टाकतो, हे १९९३ साली ऑप्टिकल ट्रॅप वापरून दाखवलं गेलं. तो साधारण ५ ते ७ पिकोन्यूटन बलापर्यंत ओढू शकतो. आता समजा तुमच्या नोट्समध्ये पिकोच्या जागी नॅनो पडलं. ६ नॅनोन्यूटन टाका, कन्व्हर्टर शांतपणे ६००० पिकोन्यूटन देईल. गणित बरोबर, पण भौतिकशास्त्र अशक्य.

कसं ओळखायचं? बल गुणिले अंतर करा. ६ पिकोन्यूटन गुणिले ८ नॅनोमीटर म्हणजे ४८ पिकोन्यूटन-नॅनोमीटर एवढं कार्य. एका पावलाला एक एटीपी रेणू खर्च होतो आणि पेशीत त्यातून साधारण ८० ते १०० पिकोन्यूटन-नॅनोमीटर ऊर्जा मिळते. म्हणजे हिशोब जुळतो. नॅनो धरलं तर कार्य ४८,००० होतं, मिळणाऱ्या ऊर्जेच्या जवळजवळ ५०० पट! किलोमीटरच्या जागी मीटर लिहिलं तर आपल्याला लगेच खटकतं, कारण अंतराचा अंदाज अंगवळणी पडलेला असतो. पिकोन्यूटन हाताला कधी जाणवलेलाच नसतो. म्हणून हजारपटीची चूक प्रबंधापर्यंत बिनबोभाट पोहोचू शकते.

दुसरा दोष: नुसतं बल बदलून प्रयोगशाळेत फारसं भागत नाही. तिथे लागतो स्प्रिंग स्थिरांक. समजा एएफएमच्या कॅन्टिलिव्हरवर ०.०६ न्यूटन प्रति मीटर लिहिलंय आणि तुम्हाला हवंय पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर. बलाच्या कन्व्हर्टरमध्ये टाकाल तर १० चा १२ वा घात गुणला जाईल आणि खालचा मीटर तसाच राहील. वर १२ वा घात आणि खाली ९ वा, म्हणून प्रत्यक्षात फक्त १००० ने गुणायचं. उत्तर ६० पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर. टोक ५ नॅनोमीटर वाकलं तर बल ३०० पिकोन्यूटन. पृष्ठताणाचंही असंच. पाण्याचा पृष्ठताण ७२ डाईन प्रति सेंटिमीटर, म्हणजेच ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. आकडा बदलतच नाही, आणि नुसतं डाईन-न्यूटनचं कोष्टक बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

तिसरा दोष फसव्या अंकांचा. तुमचं मापन ३.७ पिकोन्यूटन, अनिश्चितता ०.४. कन्व्हर्टर लिहितो ०.००३७००००० नॅनोन्यूटन. शेवटची पाच शून्यं तुम्ही मोजलेली नाहीत, त्यामुळे ती लिहायचा तुम्हाला अधिकारही नाही. मुळात इथे नॅनोत जायचं कारणच काय? ३.७ ± ०.४ पिकोन्यूटन हेच वाचायला सोपं.

चिन्हांचंही सांभाळा. मायक्रोचं ग्रीक म्यू एका फाइलमधून दुसरीत कॉपी करताना कधी कधी फॉन्ट बदलून साधा एम होतं. मायक्रोचं मिली झालं की पुन्हा हजारपट! हे कन्व्हर्टरच्या हातात नाही, पण तोही विचारत नाही.

मग कन्व्हर्टर वापरायचाच नाही का? वापरा की. पण शेजारी तुमची स्वतःची एक पट्टी ठेवा. एका जिवाणूचं वस्तुमान सुमारे १ पिकोग्रॅम, म्हणून वजन साधारण ०.०१ पिकोन्यूटन. एक मोटर-प्रथिन काही पिकोन्यूटन. डीएनएची दुहेरी साखळी ओव्हरस्ट्रेच होते साधारण ६५ पिकोन्यूटनला. सहसंयुज बंध तोडायला नॅनोन्यूटनच्या पातळीचं बल. आणि खोलीच्या तापमानाला उष्मीय ऊर्जा ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर.

पुढचा पेपर वाचायला घ्याल तेव्हा त्यातलं पहिलं बल या पट्टीवर कुठे बसतं ते समासात लिहा. बसत नसेल तर आधी एकक तपासा आणि मगच पुढे वाचा.