गिझरच्या पुस्तिकेचे परीक्षण

मराठी समीक्षेने कादंबरीला सोडले नाही, कवितेला तर नाहीच नाही; पण गिझरच्या खोक्यातून घरात येणाऱ्या माहितीपुस्तिकेवर कुणा टीकाकाराने लेखणी उचलल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ही उणीव भरून काढायला बँकेतल्या एका बी.कॉम. कारकुनाने का सरसावावे, असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. बारीक अक्षरांतल्या मजकुराखाली, तो न वाचलेल्या माणसांच्या सह्या घेणे हा माझा 20 वर्षांचा व्यवसाय आहे. ती अक्षरे कुठे दडवतात हे मला नाही कळणार तर कुणाला?

प्रस्तुत कृती भिंतीवर टांगायच्या 25 लिटरच्या गिझरची. पाने 24, भाषा दोन. त्यांत मराठी नाही. सुरुवात 'अभिनंदन!' या शब्दाने. ज्याचे पैसे जायचे आहेत त्याचे अभिनंदन करण्याची रीत आमच्याकडेही आहे. कर्जमंजुरीचे पत्र असेच सुरू होते.

व्यक्तिचित्रण मात्र झकास! थर्मोस्टॅट हा शिस्तीचा हेडक्लार्क. पाणी ठरल्या अंशाला तापले की वीज बंद. त्याला डुलकी लागलीच, तर वर कट-आउट नावाचा ऑडिटर बसलेला. आणि टाकीच्या पोटात मॅग्नेशियमची कांडी. टाकीचे पोलाद गंजू नये म्हणून ही बिचारी स्वतः झिजते. कर्जदाराच्या आधी जामीनदार संपतो हे आम्ही बँकेत पाहतोच. रसायनशास्त्रातही तोच नियम आहे हे वाचून मला गहिवरून आले.

खरा नायक मात्र सेफ्टी व्हॉल्व्ह. या गिझरची टाकी चहूबाजूंनी बंद असते. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर गेले की सुमारे 400 मिलिलिटरने, म्हणजे दोन पेल्यांनी, फुगते. व्हॉल्व्हमधली झडप त्याला गच्चीवरच्या टाकीकडे परत जाऊ देत नाही. मग त्याने जावे कुठे? आतला दाब हद्दीपलीकडे गेला की ते व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून थेंबाथेंबाने बाहेर पडते. खात्यात चुकून जादा जमा झालेली रक्कम निमूटपणे परत करावी, तसे.

एवढी मोलाची गोष्ट पुस्तिकेत कुठे आहे? 19व्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत : हे तोंड बंद करू नये. का करू नये, त्याचा उल्लेख नाही. गिझर मऊ फडक्याने पुसावा हे सांगायला मात्र अर्धे पान आणि हसऱ्या बाईचे चित्र!

परिणाम व्हायचा तो होतो. गिझर बसवून झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "साहेब, नवा गिझर आणि पाणी टिपकतंय. बूच मारून देतो, कटकट मिटेल."

"कटकट मिटेल आणि आम्हीही मिटू. अहो, पुस्तकात लिहिलंय!"

"पुस्तक कोण वाचतं, साहेब? शंभरावर गिझर बसवलेत मी."

मी त्याला दोष देणार नाही. बसवणाऱ्यासाठी लिहायचे आणि त्याला वाचता येणार नाही अशा बेताने छापायचे, हा अपराध लेखकाचा. कारण बूच मारलेले असताना हेडक्लार्क आणि ऑडिटर एकाच दिवशी रजेवर गेले, तर बंद टाकीतले पाणी 100 अंशांना उकळत नाही. दाबाखाली त्याच्याही पुष्कळ वर तापत जाते. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा लागते. आपली न्हाणीघरे केवढी असतात, हे वाचकांना ठाऊक आहेच.

पुढच्या आवृत्तीत 'अभिनंदन' गाळून पहिल्या पानावर ठळक मराठीत एवढेच छापावे : 'पाणी तापताना व्हॉल्व्हमधून थेंब पडतील. पडू द्या. गिझर बंद असतानाही गळत राहिले, तर व्हॉल्व्ह तपासून घ्या. बूच मारू नका.'

तोवर आम्ही व्हॉल्व्हखाली तांब्या ठेवला आहे. रोज एवढे पाणी वाया जाते, अशी सौ.ची तक्रार आहे. मी ते विम्याचा हप्ता म्हणून खर्ची टाकतो.